कमरेत सोडलं, बाहीत घेतलं

बॉबिन दुपारची झोपली की मगच धाकटी शिवणाच्या मशीनवरचं झाकण काढायची. लेकीला हे नाव तिच्या बाबानं ठेवलेलं; जागेपणी मशीनमधल्या दोऱ्याच्या बॉबिनसारखी घरभर गरगरत असते म्हणून. मशीनच्या आवाजानं ती कधी उठायची नाही, उलट मशीन थांबलं की उठायची. त्यामुळे मध्येच हात थांबवून विचार करत बसायची चैन धाकटीला परवडत नसे. पण त्या दुपारी तिनं घेतलं होतं ते मशीनचं काम नव्हतंच. ताईचा राखाडी ड्रेस उलटा करून तिनं मांडीवर घेतला होता आणि ब्लेडच्या टोकानं कमरेचा एकेक टाका तोडत होती.

ड्रेस आला होता गळ्याचा हूक बसवायला. ताईला माहीत होतं ते एवढंच. कमरेत सोडायचं हे धाकटीनं आपलं आपणच ठरवलं होतं, नेहमीसारखं.

हे नेहमीचं कधी सुरू झालं, ते तिला चांगलं आठवत होतं. ताई तेव्हा नुकती वाढीला लागली होती आणि धाकटी तिची पिशवी धरून तिच्या मागे मागे फिरण्याच्या वयाची. दुकानातला शिंपी माप घेताना आकडे आतल्या कारागिराला ओरडून सांगायचा. ताईच्या कमरेचा आकडा त्यानं ओरडला, आतून "काय?" असं आलं, म्हणून पुन्हा ओरडला. बाकावर बसलेल्या बायकांपैकी एक म्हणाली, "अहो, माप पोरीचं घेताय की पाण्याच्या टाकीचं?" दुकान हसलं. सगळ्यांत मोठ्यानं हसली ती ताई. घरी येऊन मात्र तिनं नळ सोडला आणि कितीतरी वेळ तोंड धूत राहिली. धाकटी दाराशी पिशवी धरून तशीच उभी. मोठी झाल्यावर आपण शिवण शिकायचं, हे तिनं बहुधा त्या दारातच ठरवलं असावं.

शिकली, आणि त्यानंतर ताईच्या अंगाला दुसऱ्या कुणाचा हात आणि कुणाची टेप कधी लागली नाही. धाकटीनंही लावली नाही. ताईचं माप तिच्या हातात होतं, डोळ्यांत होतं. बाकीच्यांच्या शिवणीत ती बोटभर माया ठेवायची, ताईच्या शिवणीत चांगली चार बोटं कापड आत दुमडलेलं असायचं. कपडा कधी इस्त्रीला, कधी टाका घालायला, कधी नुसताच विसरून तिच्याकडे राहायचा, आणि परत जाताना कमरेत जरासा सैल होऊन जायचा. वरून टीप तीच, दोरा तोच, इस्त्री फिरवली की जुन्या सुईची भोकंसुद्धा दिसायची नाहीत.

दोघी कधी बोलल्या नाहीत यावर. ताईला हे माहीतच नव्हतं.

"बघ," ती आरशासमोर एक गिरकी घेऊन म्हणायची, "किती जुना ड्रेस हा! अजून बसतो. मी आहे तिथेच आहे."

"आहेस तिथेच आहेस," धाकटी म्हणायची. तोंडात टाचण्या धरलेल्या असल्या की खोटं बोलणं सोपं जायचं.

ताई बस डेपोत काचेच्या केबिनमध्ये बसून गाड्यांची घोषणा करायची. आवाज असा, की फलाटावरची माणसं गाडी चुकली तरी चालेल म्हणून थांबावीत. तो आवाज शोधत कुणी केबिनपर्यंत आलंच, तर काचेतून बघून त्याचा चेहरा कसा पडतो, याची नक्कल ताई फार बहारीची करायची. "आवाज माझा चाळीस किलोचा आहे," ती म्हणायची, "बाकीच्याची चौकशी करायची नाही." केबिनमधल्या हात असलेल्या खुर्चीत तिला बसता यायचं नाही, म्हणून तिनं घरून बिनहातांची लाकडी खुर्ची नेली होती. साहेबांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "पाठीला बरी." बसमध्ये ती सीटवर बसायची नाही, उभीच राहायची, शेजारचा माणूस अंग चोरतो ते बघावं लागत नाही मग. लोक हसायच्या आत आपण हसून घ्यायचं, हे तिनं त्या शिंप्याच्या दुकानात शिकून घेतलं होतं आणि त्यात ती आता पटाईत झाली होती.

डॉक्टरकडे मात्र ती विद्या चालेना. गुडघा दुखतो म्हणून गेली, तर वजन कमी करा. कान ठणकतो म्हणून गेली, तर कानात बॅटरी मारायच्या आधी वजन कमी करा. वजनाचा काटा बाहेर, माणसं बसतात तिथे भिंतीशी. आणि नर्स आकडा वाचायची ती थेट त्या शिंप्याच्या आवाजात.

"डोळ्यात कचरा गेला ना, तरी म्हणेल आधी दहा किलो उतरवून या, मग काढू," ताईनं घरी येऊन सांगितलं. धाकटी खो खो हसली. ताई हसता हसता थांबली. "मी नाही जायची आता. माझा काटा म्हणजे तुझे कपडे. ते बसतायत तोवर मी ठणठणीत आहे असं समजायचं. न बसले की सांग, जाऊ."

तेव्हा धाकटीनं तोंड उघडायला हवं होतं. टाचण्यासुद्धा नव्हत्या तोंडात. पण ताई इतकी निवांत दिसत होती, चहाचा कप पोटावर टेकवून, पाय लांब करून, आणि बॉबिन तिच्या मांडीवर अशी पसरली होती, की त्या घडीला काही सांगणं म्हणजे झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण ओढणं. पुढच्या वेळी सांगू, असं तिनं मनाशी म्हटलं आणि कप उचलून आत गेली.

मग थंडी पडली आणि काहीतरी वेगळं व्हायला लागलं.

आधी वर्षा-दोन वर्षांतून एकदा सोडावं लागणारी कमर आता सारखी सोडावी लागू लागली. आणि बाह्या लोंबायला लागल्या. दंडाशी तट्ट बसणारी बाही ताईनं हात वर केला की खांद्यापर्यंत घसरायची. गळ्याशी हाड दिसू लागलं, जे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. शिवणाऱ्या बाईला कळायला हवं होतं की माणूस जाड होतो तो सगळीकडून होतो, बारीक होतो तोही सगळीकडून होतो. धाकटीला कळलंही. ब्लेड धरलेला हात एकदा थबकलाही. पण मशीन बंदच होतं, बॉबिन उठली, आणि दूध, चड्डी, रडारड यांत तो थबकलेला हात पुन्हा कामाला लागला. तिनं कमरेत सोडलं, बाहीत घेतलं. ड्रेस अंगावर असा बसला, की जणू काही फरक पडलाच नाही.

डेपोत मात्र लोकांना दिसत होतं. "ताई, चेहरा किती उतरलाय! छान दिसतंय हं," कँटीनवाली म्हणाली. एका कंडक्टरनं पथ्य विचारलं. जन्मात पहिल्यांदा कुणी ताईला असं काही म्हणत होतं.

"खाणंच कमी झालंय ग," ती धाकटीला सांगत होती, आणि सांगताना लाजत होती. "दोन घास खाल्ले की पोट भरतं. आई असती तर म्हणाली असती, शेवटी अक्कल आली."

"दमतेस का?"

"दमणारच. वय काय कमी झालंय का?"

खरं बोलली ती एकटी बॉबिन. एका रविवारी ती मावशीच्या मांडीवर चढली, थोडी चुळबुळली आणि उतरली.

"काय झालं ग?" ताईनं विचारलं.

"मावशीची मांडी संपली."

"संपली? कुणी खाल्ली?"

"पोटानं खाल्ली. पोट ढकलतं मला. कडक आहे."

ताई इतकी हसली की तिला धाप लागली. धाकटीही हसली. पण तिचं लक्ष त्या धापेकडे होतं. हसू संपलं तरी ती संपत नव्हती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ताई कापड घेऊन आली. गडद निळं, मऊ, अंगावरून पाण्यासारखं घसरणारं. डेपोत तिचा सत्कार ठरला होता. इतकी वर्षं आवाज दिल्याबद्दल, मंडपात, सगळ्या कामगारांसमोर.

"आजवर ऐकत आलेत मला. आता बघणार आहेत," ती म्हणाली. "ढगळ नको या वेळी. अंगासरशी शिव." आणि मग, दोन्ही हात बाजूला पसरून, जसं काही रोजचंच आहे अशा सुरात, "माप घे. टेपनं घे."

धाकटीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"अशी बघतेस काय? चेहरा उतरलाय, सगळे म्हणतायत. मला आकडा ऐकायचाय. एकदा तरी चांगला आकडा ऐकू दे की माझ्या कानांना."

टेप धाकटीच्या गळ्यातच होती. तिनं ती ताईच्या कमरेभोवती टाकली आणि पुढून टोकं जुळवायला हात पोटाशी नेला. हात अडला. पोट मऊ नव्हतं. इतकी वर्षं जे ओळखीचं होतं, ज्याला टेकून ती स्वतः लहानपणी झोपली होती, ते हे नव्हतं. आत काहीतरी ताणून भरल्यासारखं, बोट टेकलं तर परत ढकलणारं. पोरीनं सांगितलं होतं ते अगदी तस्संच. टेप कुठे थांबली होती ते तिनं पाहिलं आणि टेप मुठीत गुंडाळली.

"बोल."

"ताई, आपण डॉक्टरकडे जाऊ."

"आकडा सांग आधी."

"आपण उद्याच जाऊ. तुझं पोट कडक लागतंय."

ताईनं हात खाली घेतले. "झालं? तुझंही सुरू झालं? अग, पोट आहे, ते असायचंच. हा ड्रेस बघ अंगावरचा. मागच्या थंडीतला. नीट बसतोय ना? मग?"

धाकटीला तेव्हा कळलं की आपण आपल्याच हातांनी हे दार शिवून बंद केलं आहे. ड्रेस बसत होता. ताईला तिथून हलवायचा एकच मार्ग होता, आणि त्या मार्गानं गेलं तर आपल्या दोघींत काय राहील याचा तिला अंदाज होता. तिनं कपाटातून हुकासाठी आलेला राखाडी ड्रेस काढला, उलटा केला आणि खिडकीच्या उजेडात धरला. इस्त्रीनं मिटलेली भोकं कापड ताणल्यावर दिसायला लागली. टिपेशेजारी एक ओळ, तिच्या आत दुसरी, तिच्या आत आणखी एक.

"हे काय आहे?"

"मी सोडत आलेय. दर वेळी. तुला न सांगता. आणि इथे बाहीत घेतलंय, बघ. हात बारीक होतायत तुझे आणि पोट वाढतंय. हे बरोबर नाही, ताई."

ताईनं ड्रेस हातात घेतला. त्या ओळींवरून तिनं बोट फिरवलं, अगदी सावकाश. तिला जोक सुचेल म्हणून धाकटी वाट बघत राहिली.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे तूसुद्धा मोजत होतीस मला," ताई म्हणाली. "सगळे तोंडावर मोजतात. मला वाटायचं, हे एक घर आहे जिथे मला कुणी मोजत नाही."

"तुला लागू नये म्हणून..."

"हं."

निळं कापड तिथेच टाकून ती गेली. बॉबिननं दारापर्यंत जाऊन टाटा केला. तिला मात्र टाटा मिळाला.

पुढचे काही दिवस ताईनं फोन उचलला नाही. शेवटी धाकटी लेकीला कडेवर घेऊन डेपोत गेली आणि केबिनसमोरच्या बाकावर बसली. कर्ण्यातून ताईचा आवाज येत होता. गाडीचं नाव सांगून झालं की फलाटाच्या आकड्याआधी तो थांबत होता, श्वास घेत होता. फलाटावरच्या कुणाला ते कळण्यासारखं नव्हतं. धाकटीनं दोन-चार घोषणा ऐकल्या आणि पाचवी ऐकवेना. नेमकी तेव्हाच बॉबिन ओरडली, "मावशी बोलते! मावशी, इकडे!"

केबिनचं दार उघडलं. ताई काचेला हात टेकत बाहेर आली आणि बाकाशी येऊन उभी राहिली. बसली नाही.

"उद्या चल," ती म्हणाली. "त्या काट्यावर उभी राहीन तेव्हा माझी पिशवी धरायला कुणीतरी लागेल."

दवाखाना दुसरा होता. डॉक्टरीण तरुण होती, तिच्या बोलण्यात घाई नव्हती. वजन घेतलं ते आतल्या खोलीत, आणि आकडा तिनं मनातल्या मनात वाचून लिहिला. ताईनं धाकटीकडे बघून भुवई उंचावली. असेही डॉक्टर असतात म्हणायचे. मग ताई पलंगावर आडवी झाली आणि डॉक्टरणीनं पोटावर हात ठेवला. हात बराच वेळ एका जागी राहिला.

"पोट असं वाढायला लागून किती दिवस झाले?"

"मला नाही माहीत," ताई छताकडे बघत म्हणाली. "माझे कपडे बसत होते." आणि मग, "हिला विचारा. माझं माप हिच्याकडे असतं."

त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"थंडी पडली तेव्हापासून," धाकटीनं सांगितलं. "आधी कधीतरी सोडायला लागायचं. मग सारखंच. बाह्याही तेव्हाच घ्यायला लागले."

डॉक्टरणीचं पेन थांबलं. "थंडीतच आला असतात तर..."

"तर?" ताईनं विचारलं.

"तर आपलं काम सोपं झालं असतं."

अंडाशयाला गाठ होती. काढली, पण तोवर ती आपल्या जागी एकटी राहिलेली नव्हती. मग औषधं सुरू झाली, नळीतून थेंबथेंब उतरणारी, आणि ताई उतरत गेली. गाल गेले, दंड गेले, केस गेले. धाकटी रोज डबा घेऊन जायची आणि जवळजवळ तसाच परत आणायची. तिला आठवायचं, घरात जेवताना आई ताईच्या ताटाकडे बघून म्हणायची, "पुरे आता." सगळ्यांनी मिळून तिला इतकी वर्षं पुरे म्हटलं होतं. आता सगळे मिळून म्हणत होते, आणखी एक घास.

धाकटी मनातल्या मनात ते दिवस पुन्हा पुन्हा उलटे करून बघायची. कधी चहाचा कप पोटावर टेकवलेली ताई, कधी हातातलं थबकलेलं ब्लेड. एक वाक्य बोलायचं होतं. ताई रागावली असती, दार आपटून गेली असती, आठवडाभर बोलली नसती. तेवढंच झालं असतं. शेवटी तेही झालंच की, फक्त उशिरा.

औषधांच्या मधल्या सुट्टीत डोक्याला रुमाल बांधून ताई एकदा डेपोत जाऊन आली. केबिनमध्ये दुसरीच मुलगी होती, हातांच्या खुर्चीत बसलेली. लाकडी खुर्ची कोपऱ्यात, तिच्यावर फायली. सत्काराचं कुणी काढलं नाही. वाटेत एक जुनी प्रवासी भेटली, जिला काहीच माहीत नव्हतं.

"अय्या, ओळखलंच नाही! किती बारीक झालात! काय केलंत ते सांगा ना, आमचंही जरा..."

"सोपं आहे," ताई म्हणाली. "आधी पोटात एक गाठ वाढवायची."

हे तिनं धाकटीला त्या बाईच्या चेहऱ्यासकट करून दाखवलं. नक्कल पहिल्यासारखीच बहारीची होती. धाकटीला हसू आणता आलं नाही. "हस ग," ताई म्हणाली, "तुझ्यासाठी करून दाखवतेय." मग धाकटी हसली, आणि हसता हसता तिनं पदरानं नाही, टेपच्या टोकानं डोळे पुसले. ते हातात होतं म्हणून.

त्या दिवशी ताई गठ्ठाभर कपडे घेऊन आली होती. सगळे आत घ्यायचे होते. बॉबिन लगेच तिच्या मांडीवर चढली.

"मावशी, तुझी मांडी परत आली. पण टोचते."

"टोचू दे. बस."

थोड्या वेळानं ताई उठून उभी राहिली आणि तिनं हात पसरले. बाह्या पंखांसारख्या लोंबल्या. धाकटीनं टेप टाकली. एका वेढ्यात टोकं जुळली आणि तरी कितीतरी टेप हातात उरली.

"बोल," ताई म्हणाली. "या वेळी सांगायचं."

धाकटीनं आकडा सांगितला. हळू, शेजारच्या खोलीतही जाणार नाही इतका हळू, पण बरोबर. ताईनं तो ऐकला. आयुष्यभर जो ऐकायचा होता त्याच्याही खालचा होता तो. तिनं मान हलवली आणि हात खाली घेतले.

धाकटीनं राखाडी ड्रेस उलटा करून खडूनं नवी रेघ मारली. रेघेच्या बाहेर एवढं कापड उरत होतं की ते आत दुमडलं तर गोळा झाला असता, अंगाला रुतलं असतं. इतर कुणाचा असता तर सरळ छाटायचं. तिनं सवयीनं कात्री उचलली.

"ते कापू नकोस," ताई म्हणाली. ती पुन्हा बसली होती, बॉबिन तिच्या कुशीत डोळे मिटत होती. "आत राहू दे. रुतलं तर रुतलं."

धाकटीनं कात्री खाली ठेवली. कापड नीट दुमडून, बोटांनी दाबून तिनं टाचण्या लावल्या आणि मशीन सुरू केलं. बॉबिन झोपली होती. आता मध्ये थांबता येणार नव्हतं.